शून्यावरचा फोटो

माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनासाठी मी फोटो मोठा करून आणला, तर बा म्हणाला, "नागसेन, ही कोण हाय? हिच्या हनुवटीवर गोंदण न्हाई."

खरंच नव्हतं. तीन हिरवे ठिपके गायब, सुरकुत्या गायब. चेहरा नुसता सोललेल्या अंड्यासारखा.

कुंभार पिंपळगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेली नवरीची आई पहिलं हेच विचारते, "पोरगी गोरी येईन ना?" म्हणून नवा कॅमेरा घेतल्या घेतल्या मी त्यातली चेहरा गोरा, गुळगुळीत करायची सेटिंग तपासली. समोर बसवायला फुकटचं माणूस म्हणजे माय. एक फोटो शून्यावर, म्हणजे आहे तसा काढला, मग एकवर, दोनवर, तीनवर. तीनचा तेवढा ठेवला. तेव्हापासून तालुक्यातल्या सगळ्या नवऱ्या तीनवरच गोऱ्या केल्या. मूळ फाईल वेगळी ठेवायची सोय होती, पण कार्ड जल्दी भरतं म्हणून तीही पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती.

मायचा दुसरा फोटो मी कधी काढलाच नाही. लोकांच्या आयांचे मात्र हजारांनी काढले.

त्या दिवशी तिला चारही फोटो कॅमेऱ्यावर दाखवले होते. शून्यावरच्या फोटोवर बोट ठेवून ती हसली होती, "हा बराबर हाय. ही मीच हाय."

"लई घाण आलाय," म्हणत मी तो तिच्यासमोरच डिलीट केला.