ओर्लांदोच्या रंगावर माझा पाय

डब्यात एकूण पंधरा वस्तू होत्या: दहा बोल्ट, तीन फ्यूज, एक वाकडी किल्ली आणि मी. मित्रांनो, मी एक जुना सोलेनॉइड आहे. आकाराने मुठीएवढा. अंगावर तांब्याचे दोन जाड खुंट आणि एक बारीक खुंट, खाली पत्र्याचा पाय. पोटात तारेचे वेटोळे, लोखंडी दट्ट्या आणि स्प्रिंग. बारीक खुंटाला थोडी वीज मिळाली की वेटोळ्याचे चुंबक होते, दट्ट्या सरकतो आणि दोन्ही जाड खुंट जोडले जातात. वीज थांबली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते. पोटात स्प्रिंग असलेल्याला स्वस्थ बसवत नाही. तरी एका भंगार पिकअपमधून काढल्यापासून सहा वर्षे मी त्या डब्यात जागचा हललो नव्हतो.

गेल्या वर्षी, गुड फ्रायडेच्या दोन दिवस आधी, सेलेस्तिनो आर्चुलेताने डबा उघडला. त्याची बसकी, लांबलचक, साठ वर्षांची लाल गाडी आमच्या एस्पान्योला गावात सगळ्यांना माहीत आहे. तिला रंग त्याच्या धाकट्या भावाने, ओर्लांदोने दिला होता, बॉनेटखालच्या पत्र्यालासुद्धा. "अकरा थर!" ओर्लांदो सांगायचा. तो वारल्यावर सेलेस्तिनो सांगू लागला.

गाडीचे दुखणे एकच. थंड असताना ती लगेच सुरू होई. तापली की नुसती टक् करी. किल्लीपासून इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरपर्यंतची बारीक तार लांब आणि जुनी होती. इंजिन तापले की तिच्या टोकाला बाराऐवजी सातच व्होल्ट पोचत. आदल्या वर्षीच्या गुड फ्रायडेला, यात्रेच्या दिवशी, गाडी चिमायोच्या चर्चसमोर अशीच अडली आणि एक्क्याण्णव वर्षांच्या आईला दोन तास उन्हात बसावे लागले.

"यंदा पुन्हा असं झालं ना तिनो, तर आई कायमची माझ्या व्हॅनमध्ये," थोरली बहीण बेर्नार्दा म्हणाली. "आणि तुझी ही राणी ताडपत्रीखाली."

"व्हॅनमध्ये मला मेल्यावर बसवा," ओसरीवरून आई म्हणाली.

सेलेस्तिनोने मला बॅटरीशेजारी लाल पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवले. बॅटरीची जाड केबल माझ्या एका खुंटाला, स्टार्टरची दुसऱ्याला. ती बारीक तार स्टार्टरवरून सोडवून माझ्या बारीक खुंटाला जोडली आणि स्टार्टरच्या जाड आणि आता मोकळ्या झालेल्या बारीक टोकामध्ये वीतभर तार टाकली. आता बारीक तारेने फक्त मला जागे करायचे. खरी वीज जाड केबलने जाणार.

गुरुवारी सकाळी गाडी झटकन सुरू झाली. तापल्यावर पुन्हा किल्ली फिरली: टक्. टक्. मी जीव खाऊन ओढत होतो, पण ताकद येईना. माझ्या पोटातली वीज पायातून गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीत परत जाते, आणि माझ्या पायाखाली वीज अडवणारा रंग होता. स्क्रूचे आटे तेवढे पत्र्याला जेमतेम टेकत होते.

बेर्नार्दाने वीज कंपनीत तीस वर्षे मीटर तपासले होते. तिने किल्ली फिरवायला लावून व्होल्ट मोजायच्या मीटरचे एक टोक माझ्या पायाला लावले, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. "चार पूर्णांक आठ. शून्याजवळ हवं. हा बिचारा ठीक आहे रे, तू त्याला गालिच्यावर उभा केलायस. पायापासून बॅटरीला एक वायर टाक."

"ओर्लांदोच्या लालवर काळी वायर लोंबू देऊ?"

"मग खरवड."

"बेर्नी, त्याचा हात फिरलाय त्याच्यावर."

"पायाखालचं कुणाला दिसणार आहे?"

"मला."

तरी त्याने मला सोडवून कडेला ठेवले. तो डबा तिथेच उघडा होता. मी सारखा त्याच्याकडे पाहत होतो. सेलेस्तिनोने सँडपेपर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग हळूच, तिरपे घासू लागला. कडेला रंगाच्या थरांची एकात एक वर्तुळे उमटली: राखाडी, रुपेरी, मग लाल, लाल, अधिक गडद लाल. बेर्नार्दाने चष्मा लावला.

"आठ," ती म्हणाली.

"नीट मोज."

"तूच मोज."

त्याने मोजली, बोट ठेवून पुन्हा मोजली. "आठच!"

"पंचवीस वर्षं अकरा सांगितले! थापाड्या कुठला!"

"आणि मी अख्ख्या गावाला तेच सांगत हिंडलो!" सेलेस्तिनो इतका हसला की त्याला डोळे बाहीने पुसावे लागले. त्यानंतर त्याचा हात अडखळला नाही. माझ्या पायाएवढा पत्रा चकचकीत होईपर्यंत त्याने घासला आणि मला त्यावर आवळून बसवले.

मित्रांनो, आवडती वस्तू नुसती पुसून ठेवू नका, तिला चालू ठेवा. त्यासाठी कुठे खरवडावे लागले तर खरवडा. आणि आमच्यासारख्यांना पाय टेकायला स्वच्छ पत्रा द्या. आम्ही आणखी काही मागत नाही.

गुड फ्रायडेला चिमायोच्या रस्ताभर पायी चालणारे यात्रेकरू होते. त्यांच्यामागून गाडी दीड तास रांगत गेली. मागच्या सीटवर आई, मांडीवर कापिरोतादाचे, म्हणजे पावाच्या गोड पदार्थाचे, झाकलेले भांडे. चर्चसमोर इंजिन बंद केले. वीस मिनिटांनी आई परत येऊन बसली. बेर्नार्दा मीटर घेऊन बॉनेटखाली वाकली.

"फिरव, तिनो."

इंजिनाचे तापमान दोनशे वीस अंश फॅरनहाइट, पाणी उकळते त्याच्याही वर. माझ्या पायाशी शून्य पूर्णांक शून्य तीन व्होल्ट. किल्ली फिरल्यापासून इंजिन सुरू होईपर्यंत एक पूर्णांक एक सेकंद.