रस्ता झाला गं!

मित्रांनो, जुना टायर म्हटलं की तुम्ही हातात काठी घेऊन मला पळवायला निघाल. जरा थांबा. मी मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा एक जुना टायर आहे आणि अजून गाडीवरच आहे. धावायची हौस मात्र उरलेली नाही.

तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तो मी मधलाच निघालो. माझ्या शेजारचा टायर गुळगुळीत, डांबरावर पळणारा. दुसऱ्याला रबराची मोठाली बटणं, तो चिखलाचा राजा. माझी बटणं बुटकी आणि फटी उथळ. ना धड इकडचा, ना धड तिकडचा, असं मला वाटे. कशेळ्याच्या बाजारात खलीलचाचांच्या दुकानात मी टांगलेला होतो, तेव्हा साजगावच्या कारखान्यात काम करणारा नवीन आणि त्याची बायको सुरभी टायर निवडायला आले.

सुट्टी मिळाली की दोघं गाडी काढून हिंडत. कशेळ्यापर्यंत डांबर, पुढे डोंगराकडे वळलं की खडी आणि माती. नवीनची नजर गुळगुळीत टायरवर होती. सुरभीनं माझ्यावर बोट ठेवलं.

"अहो, हाच घ्या. आपल्याला दोन्हीकडं जायचं असतं."

माझ्या जन्माचं सोनं झालं.

खडीवर मी कधी दगा दिला नाही. डांबरावर मात्र घुमायचो. "टायर हाय का भुंगा?" असं म्हणत सुरभी मागे बसून हसायची. नवीन घरी आला की माझ्या फटींतले खडे खिळ्यानं काढायचा. लाडाचे दिवस होते ते.

डोंगराच्या पायथ्याला एका वाडीत सुरभीची मावशी भागूबाई राहायची. तिच्याकडे जाताना गाडी खालीच ठेवून पायवाट चढावी लागे. एक दिवस तिचा फोन आला, "सुरभे, आमचा रस्ता झाला गं! आता गाडी दारात येते. या तुमी."

आता नीट ऐका. वाडीत आजवर पायवाटच होती. तिथं खडी पसरली की माणसं म्हणतात, 'रस्ता झाला'. साजगावात 'रस्ता झाला' म्हणजे डांबर पडलं. नवीननं आपल्या गावचा अर्थ घेतला आणि थेट दुकान गाठलं.

"चाचा, हा काढा. आता वाडीपतूर डांबर हाय. गुळगुळीत टाका, गाडी पळंल."

"अरे, हा अजून चांगला हाय रं."

"लय आवाज करतो."

"गेला माझा भुंगा," सुरभी म्हणाली आणि हसत मागे बसली. मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी बघत राहिलो.

संध्याकाळी जीपवाला कमलेश धावत आला. वाडीच्या उतारावर सुट्या खडीत गाडीचं मागचं चाक घसरलं होतं. नवीनचा हात मोडला होता. सुरभीचं डोकं दगडावर आपटलं, ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. आणि मी तिथंच, भिंतीशी, धडधाकट.

माझ्यावर धूळ बसली, पोटात पावसाचं पाणी साचलं. कितीतरी महिन्यांनी नवीन आला. ओळखू येऊ नये इतका वाळला होता.

"चाचा, तो जुना टायर हाय का? तोच लावा. मावशी धड जेवत नाय. म्हणते, मीच मारली पोरीला. तिच्याकडं जायचंय."

आम्ही हळूहळू गेलो. भागूबाई ओट्यावर बसली होती. नवीनला बघताच तिनं पदर तोंडात कोंबला.

"रस्ता झाला म्हनलं रं मी. मला काय म्हाईत, तुमच्यात डांबरालाच रस्ता म्हनत्यात?"

नवीन तिच्या पायाशी बसला. "मावशी, तुमी खरंच बोललात. कसला रस्ता, ते मीच इचारलं नाय."

मग त्यानं ताट मागून घेतलं आणि भात कालवून तिला घास भरवला. दोघंही रडत होती.

मित्रांनो, टायर निवडताना गाडी किती पळेल ते नंतर विचारा. वाट कशी आहे, ते आधी विचारा. एकदा विचारून समजलं नाही, तर पुन्हा विचारा.

नवीन अजूनही सुट्टीच्या दिवशी वाडीत जातो. मागची सीट रिकामी असते. वजन कमी असलं की टायर जास्त वर्षं टिकतो, असं परवा चाचा म्हणाले. मला एवढं टिकायचं नव्हतं.