पक्की प्रत

“एक शब्द लिहायचा, चार खोडायचे, आणि चुरा पुसायला मी,” आई पुटपुटली. टेबलावरचा खोडरबराचा चुरा ती ओंजळीत गोळा करत होती. आवाज बेताचा, शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू येईल आणि समोर बसलेल्या अण्णांना येणार नाही एवढाच.

अण्णा तीस वर्षं एका साप्ताहिकाला शब्दकोडं देत आले आहेत. आडवे शब्द, उभे शब्द, खाली दोन ओळींचं एखादं गमतीचं गणित. रिकामटेकड्यांचा उद्योग, असं आमचे काका म्हणायचे आणि अंक आला की पेन्सिल घेऊन सगळ्यांच्या आधी तेच बसायचे. अण्णांचा मात्र एक नेम. छापून आलेलं कोडं ते कधी बघत नाहीत. हातावेगळं झालं की ते लोकांचं, आपण पुन्हा त्यात नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं. अंक जातो दादाकडे. तो घड्याळ लावून कोडं सोडवतो, किती मिनिटं लागली ते सांगतो आणि अण्णा तेवढी मिनिटं वहीत टिपून ठेवतात.

माझ्याकडे पक्की प्रत. अण्णांच्या कच्च्या कागदावरून चौकोन नीट आखायचे, सूचना चांगल्या अक्षरात उतरवायच्या आणि चष्म्याच्या दुकानात कामाला जाता जाता पाकीट साप्ताहिकाच्या कचेरीत द्यायचं. म्हणून अण्णांचं कोडं चुकतंय हे पहिल्यांदा मला दिसलं. एका चौकोनात दोन अक्षरं कोंबायची पाळी आली होती. मी एक शब्द बदलला आणि गप्प बसले. पुढच्या आठवड्यात तीन बदलले. मग ‘नदी’ला चार चौकोन मिळाले. मग एकदा सूचना होती ‘पाण्याचं भांडं’ आणि उत्तरही होतं ‘पाण्याचं भांडं’. त्या दिवशी मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे उभ्याउभ्या अख्खं कोडं नव्याने रचलं. पाकीट घरी येताना कचेरीत दिलं आणि कच्चा कागद गुपचूप अण्णांच्या कागदांत परत ठेवला. तेव्हापासून दर आठवड्याला तेच.

आईला चुऱ्यावरून कळलं असावं. दादाला तर नक्कीच. अण्णांनी एकदा कच्चा कागदच त्याच्यापुढे धरला होता, जमलंय का बघ म्हणून. दादा त्याकडे बघत बसला, मधूनमधून मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, पंचवीस मिनिटं. अण्णांनी पंचवीस टिपून घेतले. आमच्या घरात न बोलण्याला समजूतदारपणा म्हणतात.

चुरा पुसून झाला तसं अण्णांनी खिशातून एक पत्र काढलं. काल टपालाने आलं होतं, आम्ही सगळे एकत्र असताना वाचायचं म्हणून राखून ठेवलेलं. एका निवृत्त नर्सबाईंचं पत्र. बाईंनी लिहिलं होतं की अलीकडे तुमच्या कोड्यांत काही वेगळंच पाणी दिसतंय. गेल्या अंकातला उभा सात तर मी वहीत उतरवून घेतला: ‘घरभर हिंडते, दमली की कोपऱ्यात उभी.’ केरसुणी, हे लगेच सुटलं, पण सुटल्यावर आधी हसले आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिले.

अण्णा थांबले. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग उठून कच्च्या कागदांची चवड काढली, गेल्या आठवड्याचा कागद शोधला, उभ्या सातावर बोट ठेवलं. तिथे भलतंच काहीतरी होतं, अर्धवट खोडलेलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर खाली घातली.

दादाने सावरून घेतलं. दीड हजार कोडी झाली अण्णा, कुठली कुठली लक्षात ठेवणार, म्हणाला. आयत्या वेळी सुचलं असेल आणि तुम्ही हिला सांगितलं असेल. आईनेही मान डोलावली. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

अण्णांना ते पटत गेलं, अगदी माझ्या डोळ्यांदेखत. ते हसले. म्हणाले, डोकं विसरतं बघ, पण आतला कारागीर विसरत नाही. मग तो शब्द कसा सुचला ते सांगायला लागले. संध्याकाळची वेळ होती म्हणे, कोपऱ्यात केरसुणी टेकवलेली, तिच्याकडे बघता बघता ओळ आपोआप आली. दादा वा वा म्हणाला. आईने, आज किती दिवसांनी, त्यांच्या पुढ्यात चहा ठेवताना कप आपटला नाही.

ती ओळ मी दुपारी तीन वाजता लिहिली होती, पायांत गोळे आलेले असताना, कुणाच्या तरी चष्म्याच्या बिलामागे. ऐकून घ्यायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाचं सुख, आपलं काय जातं, हे सगळं मला कळत होतं. शिवाय मी काही त्यांच्या भल्यासाठी तोंड उघडलं, असंही म्हणवत नाही. त्यांनी केरसुणीची दुसरी गोष्ट सुरू केली, पहिलीपेक्षा जास्त रंगवून, तेव्हा मी कप खाली ठेवला.

“ती ओळ तुमची नाही, अण्णा. चार महिने झाले, तुमची कोडी सुटत नाहीत. मी करते.”