गावी जाताना भरलेलं पिंप

घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या चाळीत नळाला सकाळी पाऊण तास पाणी येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्यामुळे तिथली बाई एक वेळ गळ्यातलं काढून कुठे ठेवलं ते विसरेल, पिंप भरायला विसरणार नाही. चाळीत खोल्या तेरा, त्यातल्या बारा कोकणातल्यांच्या. गणपतीत बारा दिवस कुलूप लागणार म्हणजे लागणार. आणि कुलपाआधीचं शेवटचं काम ठरलेलं : पिंप काठोकाठ भरायचं, म्हणजे परतल्यावर हाताशी पाणी असेल. सासवांनी सुनांना शिकवलेलं हे शहाणपण. त्याच्या जिवावर बंद खोल्यांत डेंग्यूचे डास निवांत वाढत होते, हे सांगायची जबाबदारी शुभा परबची.

शुभा आरोग्य स्वयंसेविका, राहायला याच चाळीत. दारात दिसली की बायका आधी पिंपाचं झाकण सरळ करत, मग पदर. तिनं हटकलं तर वाईट वाटून घेत नसत, कारण ती सगळ्यांनाच हटके.

गणपतीला आठ दिवस असताना तिनं चाळीच्या अंगणात सभा घेतली. पिंपात अळ्या कशा होतात, आठ-दहा दिवसांत त्यांचे डास कसे होतात, हे तक्ता धरून सांगितलं. बायकांचं निम्मं लक्ष चाळीतल्याच चंदरकडे होतं. तो गावच्या गाडीची यादी करत होता. गेल्या वर्षी गणपतीनंतर सहा जण तापानं पडले याची तिनं आठवण करून दिली. सातवं नाव तिनं घेतलं नाही. ते नाव असलेल्या बाईचा नवरा, अंबादासकाका, समोर पायरीवर बसला होता.

अंबादासकाका जालन्याकडचा, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपवर आयुष्यभर वॉचमन. गणपतीत चाळ ओस पडे तेव्हा तो आणि रुक्मिणीकाकू दोघंच मागे राहत. गेल्या वर्षी घट बसले त्या दिवशी काकू हॉस्पिटलात डेंग्यूनं वारली. तिला रिक्षात घालून नेलं शुभानंच. तेव्हापासून दुपारची भाजी ती काकाला पोचवत होती, आणि असली शेजारीण नशिबानं मिळते म्हणून तो चारचौघांत सांगत फिरे. ते ऐकलं की शुभा काहीतरी काम काढून तिथून निघून जाई.

चंदरनं यादी खाली ठेवली. "वैनी, तुमी सांगतास ता सगळा बरोबर. पण पहाटे पाचाक गाडीतून उतरल्यावर पोरांका धुवचा कशान?"

तक्त्यावर याचं उत्तर नव्हतं. झाकण घट्ट लावा, एवढंच होतं. झाकणं आहेत की आमच्याकडे, असं चारपाच बायका एकदम म्हणाल्या आणि उठायला लागल्या. पिंपं भरली जाणार, हे शुभाला स्पष्ट दिसलं. कुणाच्या तरी घरी पुन्हा तेच होणार.

"झाकण माझ्या पिंपालापण होतं," ती म्हणाली.

बायका थांबल्या. मग तिनं सांगून टाकलं. झाकणाला पाइपसाठी भोक पाडलेलं होतं. ते बुजवायचं राहिलं. गेल्या वर्षी गावाहून आल्यावर झाकण उचललं तर पाणी अळ्यांनी वळवळत होतं. खांद्यावरची बॅगही न उतरवता तिनं पिंप मोरीत ओतलं. नंतर तपासणीच्या वहीत आपल्या खोलीपुढे ‘निरंक’ लिहिलं, खाली सही केली. तिच्या आणि काकांच्या खोलीमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच नाही, हे चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"डास माझ्याकडचा की आणि कुणाकडचा, कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही," ती म्हणाली. "पण मी सगळ्यांच्या घरात डोकावले आणि माझंच लपवलं. काका, वर्षभर तुमच्याकडे बघून बोलायची हिंमत झाली नाही."

अंबादासकाका गुडघ्यावर हात टेकून उठला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दाराशी ठेवलेली भाजीची वाटी संध्याकाळपर्यंत तशीच होती. तिसऱ्या दिवशीही. नळावर बायका तिला जागा देत, बोलत मात्र नव्हत्या. या चाळीतलं आपलं काम संपलं, असं शुभानं मनाशी धरलं. सांगितल्याचा पस्तावा मात्र तिला होत नव्हता. खूप दिवसांनी तिला झोप लागत होती.

निघायच्या आदल्या सकाळी काका तिच्या दारात आला. चेहरा ओढलेला. आत न येताच त्यानं विचारलं, तुम्ही परतणार कोणत्या दिवशी. तिनं सांगितलं.

"तुम्ही नसता तेव्हा नळाला चांगली धार येते," तो म्हणाला. "बारा खोल्या. शेवटच्या चार दिवसांत तीन-तीन भरीन मी. तोवर पिंपं कोरडी ठेवा. चंदरला सांगितलंय, किल्ल्या माझ्याकडे द्या म्हणून. तुझी पहिली दे."

"काका, माझी कशाला घेता?"

"मी माफ केलं असं धरून चालू नको. ते मला जमेल का, माहीत नाही. पण रुक्मिणी काय नुसती अशीच जायची का?"

तिनं खिळ्यावरची जादा किल्ली काढून दिली. ती त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली, पण गेला नाही. चपला काढून आत आला, मोरीपाशी वाकला, पिंपाचं झाकण बाजूला केलं आणि रिकाम्या पिंपात हात घालून कडेनं बोट फिरवलं.

"घासलंय का?"

"घासलंय."

"परत घास. इथं बुळबुळीत लागतंय."

शुभा काथ्या घेऊन खाली बसली. काका बाजूला उभा राहून बघत होता. तिचं पिंप तपासायला आजवर कुणी आलंच नव्हतं.