दसरूपेक्षा दोन हात मोठी

"दसरूनं कोनती नेली?" नानाजीने शेठला पहिला प्रश्न हाच विचारला.

चांद्याच्या स्टेशनामागच्या आवारात दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या टिनाच्या कोठ्या विकायला ठेवल्या होत्या. लढाई संपून आठ वर्षे झाली तरी तिचे सामान संपत नव्हते. पत्रे, लोखंडी पट्ट्या, नटबोल्टांची पेटी, सगळे सुटे. घरी नेऊन जोडायचे की झाली कोठी. नमुन्यादाखल दोन उभ्या होत्या. एक बेताची, वर दोन्ही अंगांना जाळी असलेली. दुसरी तिच्याहून दोन हात लांब, पण चारी बाजूंनी बंद.

"दसरू वो छोटी ले गया. जालीवाली," शेठ म्हणाला.

"मंग मले ते मोठी द्या."

नानाजीची बायको मनकर्णा तेवढ्यात त्या मोठ्या कोठीत जाऊन आली होती. पदराने घाम पुसत ती म्हणाली, "अजी, आतमंदी जीव गुदमरते. धान ठेवाचं हाय ना यात? जाळीचीच घेऊन घ्या."

"दसरूसारखीच घेऊ? लोक काय म्हनतील?"

लोक काहीच म्हणणार नव्हते. दुखणे नानाजीचे होते. दसरू त्याच्या बांधालाही लागून आणि घरालाही लागून. दोघे एका वयाचे. दसरूच्या बैलजोडीला बाजारात बक्षीस मिळाले तेव्हा नानाजीने दोन दिवस अंथरूण धरले होते. आता माघात दसरूच्या अंगणात ती चकचकीत कोठी उभी राहिली आणि दुपारच्या उन्हात तिची तिरीप थेट नानाजीच्या ओसरीत येऊ लागली. जेवताना ताटावर, पडल्यावर डोळ्यांवर. माणसाने सोसायचे तरी किती?

मोठी कोठी बैलबंडीतून गावात आली. पत्र्यांवर इंग्रजीत खुणा रंगवलेल्या होत्या. त्या वाचणारा गावात कोणी नसल्यामुळे तीन दिवस नुसते पत्रे फिरवण्यात गेले. शेवटी एकदाची उभी राहिली, तेव्हा नानाजी आधी कुंपणाकडून बघून आला. खरेच दोन हात मोठी होती. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागले.

पण घरचे सगळे धान ओतूनही कोठी अर्धी रिकामीच राहिली. हे दसरूला दिसले तर? नानाजीची नजर घरातल्या ढोलीवर गेली. बांबूची, शेणाने लिंपलेली ती उंच ढोली मनकर्णाची. तिच्यात लुचई जातीच्या धानाचे बियाणे असायचे. मनकर्णाचे बियाणे चुकत नाही असा लौकिक होता. मृगाआधी सारे गाव टोपल्या घेऊन तिच्या दारात यायचे, आपले धान देऊन तिचे बियाणे न्यायचे. नानाजीला त्या गर्दीचे काही कौतुक नव्हते. तो त्या दिवशी सरळ शेतावर निघून जायचा.

"बिजाईले हात नका लावू," मनकर्णा म्हणाली.

"टिनात उंदीर नाई शिरत. तुले काय समजते?"

त्याने बियाणे कोठीत ओतले. भरलेली कोठी दसरूला दिसावी म्हणून दोन दिवस दार मुद्दाम उघडे ठेवले, मग कुलूप लावले.

चांद्याचा उन्हाळा तो. चैत्र संपेपर्यंत पत्र्याला हात लावायची सोय राहिली नाही. वैशाखाच्या शेवटी मनकर्णाने मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि चौथ्या दिवशी गाठ सोडली. चार दाण्यांना मोड आले होते. बाकी सगळे मेलेले. तिने फडके नानाजीपुढे ठेवले.

"आता?" त्याने विचारले.

"आता दसरूभाऊकडे. गेल्या साली माह्याच ढोलीतलं नेलं होतं त्यायनं, त्याचंच बी राखलं हाय."

"मी नाई येत."

पण तो मागोमाग गेला. दसरूच्या कोठीत नांगर, दोर आणि जनावरांसाठी धानाची तनस भरलेली होती. धान आणि बियाणे घरात, ढोल्यांमध्ये.

"मंग कोठी काऊन आनली तू?" नानाजीला राहवले नाही.

दसरूने कोठीचे दार लोटून घेतले. "सांगू? दर साली तुह्या दारात सारं गाव. माह्या दारात कोनी ढुंकून नाई पाहे. म्हटलं, कोठी पाहाले तरी येतील."

नानाजीला उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखे झाले. दसरूने ज्यासाठी जळावे असे काही आपल्या घरात होते, हे त्याला आज कळत होते, आणि तेच त्याने पत्र्यात भाजून टाकले होते.

बातमी लपली नाही. मनकर्णाच्या भरवशावर गावात दुसऱ्या कोणी बियाणे राखलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी टोपल्या घेतलेले गाव दसरूच्या अंगणात जमले. मनकर्णाही आपली टोपली घेऊन मागे उभी राहिली. दसरूची बायको सुगंधाबाई पार गोंधळून गेली होती. हाताला येईल ते उपसून देत होती, पोचट दाणा, कोंडा, सगळे.

मनकर्णा पुढे झाली. "असं नाई, बाई. पाखडून द्या लागते." तिने सुगंधाबाईच्या हातातले सूप घेतले आणि ढोलीशी बसली. दुपारभर ती पाखडून, निवडून एकेकाची टोपली भरत राहिली. लोक जाताना सवयीने तिलाच हात जोडत होते. दसरू बाजूला उभा होता. कुंपणाच्या अलीकडे नानाजी उभा होता, आणि आज त्याला शेतावर जाववत नव्हते.

सगळे गेल्यावर मनकर्णा उठली. सूप तिने सुगंधाबाईच्या हातात परत दिले, आपल्या टोपलीतले धान लोकांनी बदल्यात दिलेल्या धानाच्या राशीत ओतले आणि रिकामी टोपली पुढे केली.

"आता माहं द्या, बाई," ती म्हणाली.