मागच्या डेकवरची शिडी

“दिवा जरा इकडे वळव,” शिंपीकाका म्हणाले.

मी टेबलावरचा दिवा बोटीच्या मागच्या बाजूला वळवला. काकांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. ते काय पाहत होते ते मला माहीत होतं. बाबा गेले त्याच आठवड्यात मी ते पाहिलं होतं.

“पोरी, ही शिडी…”

“उलटी लागलीय.”

“हं.” त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

बाबांची ही शेवटची बोट. हातभर लांबीची, करड्या रंगाची, सगळं जिथल्या तिथे. कारखान्यात त्यांचा सगळा जन्म लेथवर गेला, म्हणून छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या क्लबात त्यांना ‘टर्नर’च म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी बोटी करायला घेतल्या आणि त्यातही पितळेच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे काम मी लहानपणापासून नाही, पण पुष्कळ वर्षं पाहिलं. कागदापेक्षा जराशा जाड पत्र्यावर तेजाबाने कोरलेले कठडे, शिड्या, दारांच्या कड्या असतात. चौकटीला बारीक दांड्यांनी धरून ठेवलेले. काचेवर ठेवून पात्याने एकेक भाग सोडवायचा, टोक कानशीने घासायचं, खाचेवर दुमडायचं, सुईच्या टोकाएवढ्या गोंदाने चिकटवायचं. दुमड एकदाच. चुकली म्हणून परत सरळ करायला गेलं तर पितळ तुटतं.

त्या शिडीच्या पायऱ्या तिरक्या कोरलेल्या होत्या. डेकला तिरकी टेकवून उभी केली की पायऱ्या सपाट व्हायच्या. वरची बाजू खाली गेली तर सगळ्या पायऱ्या उताराला लागतात. तसंच झालं होतं. बोटीवर माणसं असती, तर पहिला पाय ठेवणारा थेट खाली आला असता.

“हात चालत नव्हते रे त्याचे,” काका म्हणाले. मला ‘रे’ म्हणाले, बहुधा स्वतःशीच बोलत होते. “पण डोळे? डोळे तर शेवटपर्यंत घारीचे होते. माझ्या विमानातला पायलटचा पट्टा उलटा आहे म्हणून भर सभेत ओरडला होता. आयुष्यभर कपडे शिवलेस आणि पट्टा उलटा? म्हणाला.”

त्या दिवसांत मला बोलायला काही सुचत नसे. लोक यायचे, मी पाणी द्यायचे, ते बोलायचे, मी पेला उचलायचे. रडू येईल असं सगळे सांगत होते. मी वाट पाहत नव्हते.

“उद्या प्रदर्शनात ही बोट मधल्या टेबलावर ठेवणार आहोत,” काका म्हणाले. “टर्नरचं काम बघायला लोक भिंगं घेऊन येतात. एकाच्याही नजरेतून सुटणार नाही. तोंडावर कोणी बोलणार नाही म्हणा. पण म्हातारा शेवटी ढिला पडला, असं घरी जाताना म्हणतीलच की. त्याला ते चाललं असतं?”

“नाही.”

हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरचं कॅलेंडर सूतभर कललं तरी त्यांना जेवण जात नसे. आईने शिवलेले पडदे त्यांनी मोजपट्टी लावून पाहिले होते आणि ‘डावा कमी आहे’ एवढंच म्हणाले होते. आईने ते पडदे उतरवून परत शिवले. तिचं कुठलंही काम त्यांनी बरोबर म्हटल्याचं मला आठवत नाही. वाईट बोलत नसत. फक्त चुकीवर बोट ठेवून दाखवत.

“मग काढू या,” काका म्हणाले. “अजून रंग चढलेला नाही, नुसतं पितळ आहे. गोंद सुटेल. सुलटी करून बसवतो, वर करडा हात मारतो. कोणाला कळायचं कारण नाही. वहिनींनाही सांगायला नको.”

मी कपाटातून नखांचा रंग काढायचं द्रावण आणलं. काकांनी बारीक ब्रश मागितला. मी बाबांच्या ब्रशांमधला सर्वांत बारीक घेतला, द्रावणात बुडवला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शिडीपर्यंत नेला आणि मलाच परत केला.

“तूच लाव. सांध्याला नुसतं टेकव.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. बोटीवर वाकलेली आमची डोकी पाहून तिने ट्रे खाली, जमिनीवरच ठेवला. त्या टेबलावर चहा ठेवायची घरात कोणाची छाती नव्हती, अजूनही नव्हती.

“शिडी बघताय होय?” ती म्हणाली. “ती मी लावलीय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“तुम्ही, वहिनी?”

“मग काय तर! ह्यांचे हात कापायला लागले होते. म्हणाले, एवढी एकच राहिलीय, तू लाव. मी म्हटलं, अहो, मला सुईत दोरा ओवता येत नाही हल्ली. तर म्हणाले, ओवू नकोस, चिकटव.” आई पलंगाच्या कडेवर टेकली. “चिमट्यात धरायला गेले तर टुणकन उडाली. पलंगाखाली बॅटरी घेऊन शोधली. परत धरली. हे पडल्या पडल्या सांगताहेत, श्वास रोखून धर. मी इतका रोखला, इतका रोखला, शेवटी म्हणाले, आता सोड, नाहीतर माझ्याआधी जाशील.”

ती हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं. काकाही हसल्यासारखे झाले.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय. लागली. बोट उचलून त्यांच्या छातीपाशी धरली. चष्मा लावला, भिंग मागितलं. किती वेळ बघत होते! माझे हात भरून आले. मला वाटलं, आता कुठल्यातरी चुकीवर बोट ठेवणार.” आई थांबली. “तर म्हणाले, बरोबर आहे. अगदी बरोबर लावलीस.”

चहावर साय धरायला लागली होती. कोणी उचलला नाही.

त्यांनी भिंगातून पाहिलं होतं. म्हणजे त्यांना दिसलं होतं. ते न दिसणं त्यांच्या बाबतीत शक्यच नव्हतं. उद्या क्लबातली माणसं वाकून बघतील, एकमेकांना कोपराने ढोसतील, हेही त्यांना ठाऊक असणार. एवढं सगळं पाहून झाल्यावर ते तसं म्हणाले होते.

माझ्या हातातल्या ब्रशचं टोक एव्हाना कोरडं झालं होतं. द्रावण लवकर उडतं.

“काय करत होतात तुम्ही?” आईने विचारलं. “काही चुकलंय का?”

मी काकांकडे पाहिलं. या माणसाने बाबांबरोबर वीस-पंचवीस प्रदर्शनं मांडली होती. बोट उद्या त्यांच्याच देखरेखीखाली टेबलावर राहणार होती, आणि प्रश्न त्यांनाच विचारले जाणार होते.

“छे,” ते म्हणाले. “रंग राहिलाय तेवढा. तो लावून टाकतो. रंगाने सांधा पक्का होतो, वहिनी. मग शिडी कोणी काढू म्हटलं तरी निघत नाही.”

“मग लावा की.”

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली कपाटात परत ठेवली. करड्या रंगाची डबी उघडली, काडीने ढवळली. काकांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, मनगट डाव्या हाताने धरलं. आधी वरचा सांधा, मग खालचा, मग एकेक पायरी. पितळ हळूहळू नाहीसं होत गेलं. शेवटची पायरी करडी झाल्यावर ती शिडी इतर शिड्यांसारखीच दिसायला लागली, नीट पाहिलं नाही तर.

काका खोकं आणायला खाली गेले. जिन्यात त्यांची पावलं मधेच थांबली, मग पुन्हा वाजू लागली.

“हात कधी लावायचा?” आईने विचारलं.

“वाळल्यावर.”

तिने बाबांची खुर्ची ओढली. एरवी ती तिच्यावर बसत नसे. बसली, हात मांडीवर ठेवले, आणि रंग वाळायची वाट बघू लागली.