डाव्या बाजूची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. लाकडाची नाही, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. कपडे किंवा दागिने माझ्यात कधी ठेवले गेले नाहीत. माझे आयुष्य मोटारसायकलवर गेले आणि माझ्या पोटात नेहमी चष्मे असत. माझ्या हातून एक मोठी चूक घडली. तीही मी तुम्हांला सांगणार आहे, कारण ती वगळली तर माझी गोष्ट खोटी ठरेल.

माझा जन्म एका पत्रेकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याला सगळे दादा म्हणत. दादाने कोरा पत्रा जमिनीवर अंथरला, खिळ्याने रेघा मारल्या, कातर चालवली आणि लाकडी हातोड्याने माझ्या चारही कडा दुमडल्या. कोपऱ्यांवर त्याने दुहेरी पत्रा बसवला. माझ्यासोबत माझी जुळी बहीणही तयार झाली. ती उजव्या बाजूची, मी डाव्या बाजूची. आम्हांला त्याने मन लावून घडवले, कारण आम्ही गिऱ्हाइकासाठी नव्हतो. आम्ही त्याच्या धाकट्या बहिणीसाठी होतो.

ही बहीण चष्मे बनवत असे. वर्षातून दोनदा ती मोटारसायकल काढून घाटापलीकडच्या वस्त्यांवर जाई. तिकडे चष्म्याचे दुकान नव्हते. ती लोकांचे डोळे तपासून नंबर लिहून आणी, घरी काचा घासून चष्मे तयार करी आणि पुढच्या खेपेला ते ज्याचे त्याला पोचवी. डोळे तपासण्याची शेकडो भिंगे ती सोबत नेई, म्हणून तिकडचे लोक तिला भिंगबाई म्हणत. मीही तिला तेच म्हणेन.

दादा आम्हांला घडवत होता त्याच दिवसांत भिंगबाईच्या घरी शिवणयंत्र धडधडत होते. तिचे यजमान ताडपत्री शिवायचे. ट्रकवरची आवरणे, तंबू, दुकानांवरचे पडदे असे त्यांचे काम. त्यांनी बायकोसाठी जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या, गाडीच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या.

मग एका सकाळी अंगणात गाडी उभी राहिली. एका बाजूला आम्ही दोघी, दुसऱ्या बाजूला त्या दोघी.

दादा म्हणाला, "पाऊस, धूळ आणि चोर. तिघांनाही पत्राच पुरून उरतो. त्या पिशवीला कुलूप कुठे लावणार, सांगा बरं?"

"कुलपाचं खरं आहे," ताडपत्रीवाले म्हणाले. "पण गाडी आडवी झाली तर? पिशवी दबते, दादा. पत्रा दबत नाही. मधे पाय सापडला तर?"

"गाडी आडवी व्हायला तुम्ही थोडेच चालवणार आहात, भावोजी? माझी बहीण चालवणार आहे."

सगळे हसले. ताडपत्रीवालेही हसले, पण जरा उशिरा.

भिंगबाईने दोघांचेही ऐकून घेतले. मग तिने भिंगांचा खण पिशवीत ठेवला आणि बाहेरून मूठ दाबली. आत काच काचेवर करकरली. तोच खण तिने माझ्यात ठेवला आणि माझ्यावर हाताने जोरात थाप मारली. आतून जराही आवाज आला नाही.

"अहो, रागावू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "काचा आहेत म्हणून पेटी नेते."

"त्यात राग कसला?" ते म्हणाले. पिशव्यांची घडी घालून त्यांनी त्या खुंटीला अडकवल्या. त्या क्षणी मला फार अभिमान वाटला, हे मी कबूल करते.

पुढची सहा वर्षे माझ्या सुखाची होती. प्रत्येक चष्मा मऊ कापडात गुंडाळलेला असे आणि त्याला नावाची चिठ्ठी बांधलेली असे. वस्तीवर पोचले की भिंगबाई कुणाच्या तरी ओसरीवर मला ठेवी, माझी कडी काढी, आणि माणसे माझ्याभोवती जमत. एका गवंड्याने पहिल्यांदा चष्मा लावला आणि समोरच्या भिंतीकडे पाहून तो म्हणाला, "अरेरे! ही एवढी वाकडी आहे? ही तर मीच बांधली!" सगळी ओसरी हसली. तो मात्र गंभीरपणे उठला आणि भिंतीला हात लावून आला.

धुळीतून, चिखलातून, धो धो पावसातून मी गेले, पण एकाही चष्म्यावर ओरखडा पडला नाही. वाटेत चहाच्या टपरीपाशी कधी दुसरा प्रवासी थांबलेला असे आणि त्याच्या भिजलेल्या कापडी पिशव्यांतून पाणी टपकत असे. मी मनातल्या मनात त्यांना हसे. आपण कठीण आहोत म्हणजे आपण चांगले आहोत, असे मला तेव्हा वाटे.

सातव्या वर्षी घाटाच्या उतारावर रस्त्याचे काम चालू होते. दुपारची वेळ होती. नुकतीच खडी पसरली होती. भिंगबाई अगदी हळू चालली होती, चालत्या माणसाने गाठावे इतकी हळू. पुढचे चाक खडीवर घसरले. तोल सावरायला तिने डावा पाय खाली टेकला. कुणीही तेच केले असते. पाय जमिनीवर थांबला, पण गाडी पुढे येत होती, आणि गाडीबरोबर मी येत होते. माझी कड तिच्या पोटरीवर मागून आदळली, पाय मुडपला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. तिचा घोटा माझ्याखाली होता. सगळ्या गाडीचा भार माझ्यावर आणि माझा तिच्यावर.

मित्रांनो, मी तेव्हा वाकले असते, चेपले असते, फाटले असते, तर बरे झाले असते. पण मी तशीच ताठ राहिले. मला तसेच घडवले होते.

रोलर चालवणारा माणूस आणि खडी पसरणाऱ्या दोन बाया धावत आल्या. त्यांनी गाडी उचलली. भिंगबाईचा चेहरा पांढरा पडला होता. तिचे पहिले शब्द होते, "पेटी उघडा. चष्मे बघा."

एका बाईने माझी कडी उघडली. बेचाळीस चष्मे होते. बेचाळीसही जसेच्या तसे होते. भिंगबाईच्या घोट्याचे मात्र तीन तुकडे झाले होते.

ती दवाखान्यात असताना दादा तिच्या घरी आला. पाना घेऊन त्याने आम्हां दोघी बहिणींना गाडीवरून सोडवले. ताडपत्रीवाले दारात उभे होते.

"बोला ना, भावोजी," दादा म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं. शब्दन् शब्द खरा झाला. आता बोला."

"दादा, पाणी घ्या," एवढेच ताडपत्रीवाले म्हणाले.

दादाने पाणी घेतले नाही. आम्हांला काखेत मारून तो निघून आला आणि त्यानंतर त्याने बहिणीच्या घरची पायरी चढली नाही. ती भेटायला येईल असा निरोप आला, की तो कामाचे निमित्त सांगून बाहेर पडे. माझ्या बहिणीत त्याने खिळे भरले. मला बाकाखाली सरकवले, भिंतीकडे तोंड करून. कुणी मोटारसायकलसाठी पेट्या करून मागितल्या, तर तो म्हणे, "ते काम मी सोडलं." तो मला शिव्या देत नसे, पण माझ्याकडे बघतही नसे. माझ्यावर पत्र्याचा कीस साठत गेला. अंधारात मला तो घोटा मोडल्याचा आवाज आठवे. पेटीला झोप नसते, मित्रांनो.

अशी दोन वर्षे गेली. मग एका सकाळी दुकानाच्या दारात काठीचा आवाज आला. या खेपेला भिंगबाई निरोप न देता आली होती. दादा उठून जाऊ लागला.

"बस, दादा," ती म्हणाली. "लंगड्या बहिणीपासून पळतोस, लोक हसतील तुला."

तो बसला.

"मी पुन्हा गाडी चालवते आहे. ह्यांच्या पिशव्या लावून एक खेप केली. त्याच खेपेला ओढ्यात पडले, दगडावरून चाक सरकलं. गाडी पुन्हा पायावरच आली, पण पिशवी दबली आणि मी पाय काढून घेतला. नुसतं खरचटलं."

"मग झालं तर," दादा खाली बघत म्हणाला. "भावोजींचंच बरोबर होतं."

"माझं ऐकून घे. मी उठले, पण पिशवीत काचेचा चुरा झाला होता. एकोणीस चष्मे गेले. त्यातला एक तिथल्या सुईणीचा होता. म्हातारी आहे, तिच्या भिंगाचा नंबर मोठा. मी दवाखान्यात असल्यापासून ती वाट बघत होती. चष्मा नाही म्हटल्यावर ती म्हणाली, 'हरकत नाही, सहा महिने थांबते. पण तोवर बाळंतपणाला हात लावणार नाही. मला नाळ दिसत नाही.'"

भिंगबाईने काठी बाकाला टेकवली.

"त्या सहा महिन्यांत तिथे तीन बाळं जन्मली, असा निरोप आलाय, दादा. दोनच जगली."

दादाने पहिल्यांदा मान वर केली.

"मी खूप विचार केला, दोष कुणाला द्यायचा," ती म्हणाली. "ह्यांच्या पिशवीला? तिनं माझा पाय वाचवला. तुझ्या पेटीला? तिनं बेचाळीस माणसांचे डोळे सांभाळले होते. मी दोघांनाही दोष देत नाही. तुला तर कधीच दिला नव्हता. तू विचारायलाच आला नाहीस."

दादा रडला. एवढा मोठा माणूस, काळ्या तेलकट हातांनी डोळे पुसत बसला. मग त्याने वाकून मला बाकाखालून ओढून काढले.

तो म्हणाला, "बाजूला नाही लावायची. बाजूला तुझा पाय असतो. तिथे पिशव्याच राहू देत. ही सीटच्या मागे, वर बसवू. पण एवढी मोठी नाही चालायची. जड होईल, गाडी डुलेल."

दुसऱ्या दिवशी त्याने ताडपत्रीवाल्यांना बोलावून घेतले. दोघे दिवसभर शेजारी शेजारी बसून काम करत होते. दादाने मला उंचीत तिसऱ्या हिश्शाने कापले. मला बसायला खाली मजबूत बैठक हवी होती. तिच्यासाठी त्याने माझ्या बहिणीतले खिळे ओतून काढले आणि तिला कापले. ती पेटी म्हणून संपली आणि माझा आधार म्हणून उरली. त्या दिवसापासून मी तिच्या अंगावर बसून फिरले. तिच्याविषयी मला याहून जास्त बोलवत नाही.

ताडपत्रीवाल्यांनी माझ्या आत जाड नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, अस्तर लावले. ते सुई ओढत असताना दादा त्यांना म्हणाला, "भावोजी, त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोलायला हवं होतं. शिवी दिली असतीत तरी मी पाणी प्यायलो असतो."

"शिवी आली होती तोंडात," ताडपत्रीवाले म्हणाले. "मोठी होती. पण तुमचा चेहरा बघितला आणि गिळली."

"कोणती होती?"

त्यांनी दादाच्या कानात सांगितली. दादा दोन वर्षांत प्रथमच हसला.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेला आम्ही थेट सुईणीच्या दारात थांबलो. भिंगबाईने मला ओसरीवर ठेवून उघडले आणि चष्मा तिच्या हातात दिला. म्हातारीने तो लावला. तिने आकाशाकडे पाहिले नाही, कुणाच्या चेहऱ्याकडेही नाही. स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

मग ती म्हणाली, "मला त्या घरी नेतेस का, बाई? माझ्याच्यानं एकटीनं जाववत नाही."

कुठल्या घरी ते तिने सांगितले नाही आणि भिंगबाईनेही विचारले नाही. मला उचलून घ्यायचे तिच्या लक्षातच आले नाही, ती तशीच म्हातारीचा हात धरून निघाली. झाकण उघडे असलेली मी ओसरीवर राहिले. समोरच्या घरात एक तरुण बाई चुलीपाशी बसली होती. म्हातारी उंबऱ्यावर थबकली. ती बाई उठली नाही. बऱ्याच वेळाने तिने बसायचा पाट हाताने पुढे सरकवला. म्हातारी त्यावर बसली. संध्याकाळ होईपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

मित्रांनो, त्यानंतर मी आणखी अकरा वर्षे फिरले. दोन वेळा गाडी पडली. दोन्ही वेळा पिशव्या दबल्या, मी वर सुखरूप राहिले आणि भिंगबाई कपडे झटकून उठली. कुणी मला शाबासकी दिली की मला आता अभिमान वाटत नसे. माझ्या खाली दोन पिशव्या आणि एक बहीण आहे, हे मला ठाऊक होते.

आता दादा या जगात नाही. ताडपत्रीवाल्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, चष्मा लावूनही. भिंगबाईने गाडी चालवणे सोडले आहे आणि मी तिच्या खोलीत फळीवर आहे. लांबच्या प्रवासाला निघणारी तरुण मुले-मुली तिला विचारायला येतात, "मावशी, पेटी घ्यावी की पिशवी?" ती त्यांना उलट विचारते, "नेणार काय? आणि पडलात तर तुमचा पाय कुठे असेल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळे देतात. दुसऱ्यापाशी जरा थांबतात. त्या थांबण्यासाठीच ती विचारते.

मी एवढेच शिकले. कठीण असणे हा गुण नाही आणि दोषही नाही. जे फुटणारे आहे ते कठीण वस्तूच्या आत ठेवावे, आणि जिथे माणसाचे अंग लागणार आहे तिथे मऊ ठेवावे. जागा चुकली की चांगली वस्तूही घात करते. आणि असा घात झाला, तर ती वस्तू घडवणाऱ्याला एकटे सोडू नये. तो येत नसेल तर आपण जावे.

पुढच्या आठवड्यात एक नवी मुलगी येणार आहे. ती भिंगबाईकडे काचा घासायला शिकली आणि आता घाटापलीकडे ती जाणार आहे. तिने मलाच न्यावे असा माझा हट्ट नाही. बाजारात माझ्याहून हलक्या, चांगल्या पेट्या मिळतात. पण नेणार असेल, तर तिला तुम्ही माझे एक सांगा. माझ्या झाकणाच्या कडेचे रबर वाळून चिरले आहे. ते आधी बदलून घ्यावे, अर्ध्या तासाचे काम आहे. नाहीतर त्या चिरेतून धूळ आत जाते, धुळीने काचेवर ओरखडा उठतो, आणि तो चष्मा ज्याच्या डोळ्यावर चढतो त्याला मग आपल्या लेकराच्या तोंडावरही तो ओरखडाच दिसत राहतो.